कार्तिकस्नान आणि ओळखीचे पाणी

कोजागरीचे चांदणे ओसरले की पहाटवाऱ्याला थंडीची धार येते. अंगणाअंगणांत आकाशदिवे चढतात, देवळांतून काकडआरतीचे सूर उठतात आणि घरोघरची वडीलधारी मंडळी कार्तिकस्नानाचा नेम धरतात. आश्विनी पौर्णिमेपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंतचा हा महिना भगवान दामोदराच्या सेवेचा. पवनीला वैनगंगेच्या वैजेश्वर घाटावर काळोखातच पावलांची वर्दळ सुरू होते. आणि ज्या गावांच्या वाट्याला नदी आली नाही, तेथे गावतलावाच्या पाळीवर पणत्या हलताना दिसू लागतात.

आमच्या भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात ते यथार्थ आहे. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजातील जाणत्यांनी उताराची जागा अचूक हेरून मातीच्या पाळी घातल्या आणि धानासाठी पावसाचे पाणी अडविले. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यातील नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते; आणि तलाव बांधणाऱ्या त्या पुरुषाला तेथील लोक कोलासुर देव म्हणून पूजतात. पाणी साठविणाऱ्या माणसाला देवत्व देणारा हा मुलूख आहे. त्या पाण्यातील स्नान देवकार्य वाटावे, यात नवल ते कोणते?

तथापि, वाचकहो, स्नानमाहात्म्य गाण्यासाठी आज आम्ही लेखणी उचललेली नाही. ते आम्ही चाळीस वर्षे गात आलो आहोत. आज जे सांगायचे आहे, ते एकदा सांगावयाचे राहून गेले होते, म्हणून सांगत आहोत.

राहून गेलेले निरूपण

पुष्कळ वर्षे झाली. जिल्ह्यातील एका लहानशा गावी कार्तिकातील सप्ताहात आमचे कीर्तन होते. पूर्वरंगात आम्ही प्रातःस्नानाचे पुण्य वर्णिले आणि उत्तररंगात गजेंद्रमोक्षाचे आख्यान लावले. टाळकऱ्यांत पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा होता. परगावचा, सप्ताहासाठी मामाकडे आलेला. त्याचा आवाज मोठा गोड. कीर्तन संपल्यावर तो पाया पडून म्हणाला, "बुवा, उद्यापासून मीही पहाटेचे स्नान धरतो." आम्ही त्याच्या मस्तकावर हात ठेवला आणि प्रसन्न मनाने आशीर्वाद दिला.

दुसऱ्या दिवशी काळोखातच तो आणि त्याचा मामेभाऊ तलावावर गेले. मामेभावाला पायऱ्यांची सवय होती, याला नव्हती. पायऱ्या सोडून तो बाजूने पाण्यात उतरला. तेथे कोणी तरी उन्हाळ्यात मातीसाठी खड्डा खणलेला होता आणि पावसाने भरल्यावर त्याची खूण उरली नव्हती. कमरेएवढ्या पाण्यातून एक पाऊल पुढे पडले आणि पायाखालचा तळ नाहीसा झाला. मामेभावाने हात दिला, तोही ओढला गेला. बेशरमाच्या झुडपाची फांदी हाती आली म्हणून तो तेवढा वाचला. उजाडल्यावर एका वृद्ध ढिवराने डोंगा नेऊन मुलाला वर काढले.

त्या दिवशी आम्ही त्याच्या आईसमोर बसलो होतो. तिने आम्हांस दोष दिला नाही. एवढेच म्हणाली, "महाराज, तुमी सांगितलं म्हणून गेला जी. देवाच्याच कामाला गेला." त्या माउलीला त्यात काही आधार वाटत असावा. आम्हांला मात्र ते वाक्य आजतागायत टोचत आहे. कारण स्नानाचे फळ आम्ही सांगितले होते, स्नानाचा नियम सांगितला नव्हता. आणि तो नियम आम्हांस मुखोद्गत होता.

शास्त्राची आज्ञा

मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात गृहस्थाने पाळावयाचे आचार सांगितले आहेत. तेथे एकाच श्लोकात स्नानाचे निषेध येतात: भोजनानंतर स्नान करू नये, आजारीपणी करू नये, ऐन मध्यरात्री करू नये, आणि जो जलाशय आपल्याला ठाऊक नाही, त्यात करू नये. ज्याची खोली, ज्याचा तळ आणि ज्याच्या पोटातील जीव आपणांस माहीत नाहीत, ते पाणी कितीही निर्मळ दिसले तरी आपले नव्हे. त्याच अध्यायात बाहूंच्या बळावर नदी तरून जाऊ नये असेही सांगितले आहे. पोहण्याची पैज लावून तलाव पार करू पाहणाऱ्या तरुणांनी ते ध्यानी घ्यावे.

याज्ञवल्क्यस्मृती आणखी एक मार्मिक नियम सांगते. दुसऱ्याच्या जलाशयात स्नान करावयाचे असेल, तर आधी त्यातील मातीचे पाच गोळे काढून टाकावेत. पाण्याचा उपभोग घेण्यापूर्वी त्याची सेवा घडावी, हा त्यातील एक भाव. परंतु आम्हांस त्यात दुसराही अर्थ दिसतो. वाकून तळाची माती हाती घेणाऱ्याला तो तळ कसा आहे, हे आपोआप कळते.

महाभारताच्या वनपर्वातील यक्षप्रश्नाची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. तहानेने व्याकुळ झालेले चार पांडव सरोवराच्या काठी गेले. थांबण्याची वाणी चौघांनीही ऐकली आणि चौघांनीही ती अव्हेरली. युधिष्ठिर थांबला, त्याने विचारणाऱ्याला उत्तरे दिली आणि भावांसह परत आला. पाण्याकाठी थांबणे ही भीरुता नव्हे. तो धर्मराजाचा आचार आहे.

कोणी म्हणेल, "बुवा, मग नेमाचे काय? पहाटेचे स्नान तर अंधारातच होते." याचे उत्तर शास्त्रातच आहे. अरुणोदय सूर्योदयापूर्वी चार घटिकांचा, म्हणजे सुमारे दीड तासाचा मानला आहे. त्याच्या उत्तरार्धात, पायरी व पाऊल दिसू लागल्यावर पाण्यात उतरले, तर नेमाला कसलाही बाध येत नाही. आणि ज्यांचे वय झाले आहे, ज्यांना हृदयविकार, रक्तदाब वा मिरगीचा त्रास आहे, त्यांच्यासाठी धर्मशास्त्रकारांनी स्नानाचे सात प्रकार सांगून ठेवले आहेत. त्यांत जलस्नान एक. मंत्रस्नान आणि मानसस्नान हीदेखील स्नानेच होत. घरच्या मोरीत, कळशीभर कोमट पाण्याने, दामोदराचे नाव घेऊन केलेले स्नान भगवंताला कमी पोहोचते, असे कोणत्याही ग्रंथात आमच्या वाचनात आलेले नाही.

तलावाची ओळख

आता ओळख कशी करून घ्यावी ते पाहू. आमचे जुने मालगुजारी तलाव ही मानवनिर्मित वास्तू आहे आणि प्रत्येक वास्तूला रचना असते. पाळीच्या बाजूला आणि मोरीजवळ पाणी सर्वांत खोल असते. ज्या दिशेने ओढे येऊन मिळतात त्या बाजूला ते उथळ असते, परंतु तेथे गाळ साचलेला असतो. गुडघाभर पाणी पाहून उतरावे आणि पाय मांडीपर्यंत चिखलात रुतावा, असे तेथे घडते. पाय रुतलाच तर ओढाताण करू नये, त्याने तो अधिकच खोल जातो. अंग मागे टाकून हात पसरावेत आणि एक-एक पाय सावकाश सोडवावा.

कार्तिकात धान निसवलेले असते आणि भारी जातीच्या धानाला शेवटचे पाणी द्यायचे असते. त्यामुळे याच दिवसांत मोरी उघडी असण्याचा संभव फार. वरून पाणी स्थिर भासते, परंतु मोरीच्या तोंडाशी त्याची ओढ अशी असते की बळकट माणसालाही सुटता येत नाही. सांडव्याची गोष्टही तीच. तेथील दगड शेवाळाने निसरडे झालेले असतात. मोरी आणि सांडवा या दोन्हींपासून दूरच स्नान करावे.

शिवाय माती-मुरुमासाठी यंत्राने खणलेले उभ्या कडांचे खड्डे आता अनेक तलावांत आढळतात. पूर्वी गाळ हातांनी काढीत, तेव्हा तळाला हळूहळू उतार येई; यंत्राने खणल्यावर तेथे विहीर होते. गेल्या वर्षी जेथे कमरेएवढे पाणी होते, तेथे यंदाही तेवढेच असेल असे समजू नये.

गोसेखुर्दच्या जलाशयाविषयी स्वतंत्र सांगितले पाहिजे. २२ एप्रिल १९८८ रोजी त्या धरणाची पायाभरणी झाली आणि कालांतराने वैनगंगाकाठची शेते नि गावठाणे पाण्याखाली गेली. त्या पाण्यात झाडांची खोडे, पडक्या भिंती, जुन्या विहिरी आहेत. आंभोऱ्याच्या पंचनदी संगमावर चैतन्येश्वराच्या दर्शनास जाणाऱ्या यात्रेकरूने वडिलांनी पन्नास वर्षांपूर्वी केलेल्या स्नानाच्या आठवणीवर विसंबून पाण्यात उतरू नये. ती नदी आता तशी राहिलेली नाही. आणि धरणाच्या खाली, आमच्या पवनीकडे, तेहतीस दरवाजांपैकी काही उघडले की पाणी पाहता पाहता चढते. इशारा कानी आल्यावर 'एकच बुडी' म्हणून रेंगाळू नये.

पाण्याखालची बेडी

तलावातील कमळ पाहून कोणाचे मन मोहणार नाही? परंतु कमळाचे देठ लांब, चिवट आणि बारीक काट्यांचे असतात. लक्ष्मीपूजनाला फुले हवीत म्हणून मुले पाण्यात शिरतात आणि ते देठ पायांना वेढे घालतात. तळापासून वर येणाऱ्या पाणवनस्पतींचेही तेच. अशा वेळी पाय झाडले की वेढा आवळतो. पाठीवर उताणे व्हावे, पाय संथ ठेवावेत, हातांनी पाणी कापीत आल्या वाटेने परतावे आणि वेढा हातानेच पायावरून खाली सरकवावा. फुले हवी असतील तर डोंगा घेऊन जाणाऱ्या ढिवराकडून घ्यावीत. चार पैसे त्याच्या घरी जातील आणि आपले मूल आपल्या घरी येईल.

शिंगाडा हे उपवासाचे फळ. त्याच्या वेलीखाली तळाशी पडलेल्या जुन्या फळांची शिंगे कठीण नि टोकदार राहतात आणि तळव्यात खोल घुसतात. रात्री लावलेली मासेमारीची जाळीही पहाटे पाण्यातच असतात. नायलॉनचा तो बारीक धागा अंधारात दिसत नाही आणि हातपाय अडकले की तुटत नाही.

आणखी एक बेडी आहे आणि ती आपण स्वतः घडविलेली आहे. भाद्रपदात गणराय आणि आश्विनात जगदंबा यांचे आपण विसर्जन करतो. माती विरघळते, परंतु मूर्तीच्या आतील लाकडी सांगाडा, खिळे, तारा, मखराच्या कामट्या तळाशी तशाच राहतात. महिन्याभराने त्याच पाण्यात आपण कार्तिकस्नानाला उतरतो. ज्या मूर्तीपुढे मस्तक ठेवले, तिच्याच खिळ्याने लेकराचा पाय फाटावा, हा दोष कोणाच्या माथी? विसर्जनानंतर सांगाडे बाहेर काढणे हा उत्सवाचाच शेवटचा विधी मानला पाहिजे.

ग्राह आणि इतर जीव

भागवताच्या अष्टम स्कंधातील गजेंद्र आपल्या कळपासह त्रिकूट पर्वतावरील सरोवरात उतरला आणि ग्राहाने त्याचा पाय धरला. त्या झुंजीचे वर्णन करताना व्यासांनी एक सूक्ष्म गोष्ट नोंदविली आहे: दिवस लोटले तसतसे गजेंद्राचे बळ ओसरत गेले आणि ग्राहाचे वाढत गेले, कारण पाणी हे ग्राहाचे घर होते. जमिनीवर जो गजराज, तो पाण्यात परका. आपण तर गजराजही नव्हे.

मगर गोड्या पाण्याच्या नद्या-तलावांत राहते. सांगलीकडे कृष्णेच्या काठी तिने माणसांवर हल्ले केल्याच्या घटना घडल्या आहेत. ती काठाशी निश्चल दबा धरते आणि पहाटे, संध्याकाळी व रात्री अधिक हिंडते. कोणत्याही पाण्यावर मगर दिसल्याची वार्ता आली, तर खात्री होईपर्यंत तेथील स्नान बंद ठेवावे आणि वनविभागास कळवावे. तिला मारू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला अभय आहे, आणि गंगामातेचे वाहन म्हणून आपल्या मूर्तिशिल्पात शोभतो तो मकर तिच्याच कुळातला.

आमच्या तलावांत सहसा भेटतात ते जीव याहून लहान. शिंगी माशाच्या कल्ल्यांमागील काट्यांत विष असते. चिखलात पाय पडला की तो टोचतो आणि वेदना असह्य होते. टोचलेला भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवल्याने आराम पडतो; नंतर डॉक्टरांना दाखवून धनुर्वाताची सुई घ्यावी. कासव आपण होऊन अंगावर येत नाही, परंतु कूर्मावतार म्हणून उचलून घेऊ पाहणाऱ्याच्या बोटाला ते कडकडून चावते. नमस्कार दुरूनच करावा. जळू लागली तर घाबरून ओढू नये. नखाने तिचे तोंड बाजूला सरकवून ती काढावी आणि जखम स्वच्छ धुवावी.

पाण्यात सळसळत जाणारा साप बहुधा दिवड असतो. तो चावतो, परंतु विषारी नाही. खरा धोका पाण्यात नसून पाळीवर आहे. कापणीला आलेल्या धानात आणि झुडपांत घोणस असते, रात्री मण्यार हिंडते, आणि आपण अनवाणी, काळोखात, गवतातून पाण्याकडे जात असतो. म्हणून हाती कंदील वा बॅटरी असावी, काठी आपटीत चालावे, घाटापर्यंत पायांत वहाणा असाव्यात. सापाने दंश केलाच तर जखम कापू नये, चोखू नये, दोरीने आवळू नये. माणसाला निजवून धीर द्यावा, तो अवयव हलू देऊ नये आणि विनाविलंब सरकारी रुग्णालयात न्यावे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्या विषावरील प्रतिविषाची लस हाच खात्रीचा उपाय आहे. मंत्राक्षरांवर आमची निष्ठा कोणाहून उणी नाही. पण मांत्रिकाच्या दारी गेलेली घटका परत येत नाही, हेही आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. जप करावयाचा तर तो रुग्णालयाच्या वाटेवर गाडीत बसून करावा.

कोका अभयारण्याच्या आणि २०१३ साली घोषित झालेल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पाच्या आसपासच्या गावांना आणखी एक विनंती. पहाट ही वन्य प्राण्यांचीही पाण्यावर येण्याची वेळ. वाघ, बिबट, अस्वल, रानडुक्कर यांचीही तहान त्याच तलावावर भागते. तेथे एकट्याने जाऊ नये. चार जणांनी मिळून, मोठ्याने नामस्मरण करीत, चांगले उजाडल्यावर जावे. झाडावर आग्या मोहोळ असेल तर त्याखाली धूप, उदबत्ती वा फटाके लावू नयेत.

डोहाचे विष

कालियाच्या विषाने यमुनेचा डोह दूषित झाला, ते पाणी प्यालेल्या गाई नि गोपाळ निश्चेष्ट पडले, ही दशम स्कंधातील कथा. आज कालिया नाही, पण डोहाला विष चढायचे थांबलेले नाही. पाण्यावर हिरव्या रंगाचा साय धरल्यासारखा थर आणि उग्र वास असेल, तर ते पाणी अंगाला लावू नये. जनावरांनाही पाजू नये. पायाला जखम असता, विशेषतः मधुमेह असता, साचलेल्या पाण्यात उतरू नये. केरळात २०२४ आणि २०२५ साली तळ्यांत स्नान केलेल्या काही जणांना अमीबा या सूक्ष्म जीवामुळे मेंदूचा प्राणघातक ज्वर झाला. हा जीव नाकावाटे शिरतो. बुडी मारताना नाक चिमटीत धरावे, ही आजीची शिकवण किती शहाणपणाची होती, हे आता विज्ञानाने पटविले आहे. पाण्यात थुंकू नये, मलमूत्र, रक्त वा विष टाकू नये, ही मनूची आज्ञा त्याच चौथ्या अध्यायात आहे. ती पाळली, तर आपल्याच डोहाचे कालिया होण्याचे टळेल.

अर्जुनाचे पाच बाण

बुडणाऱ्याला वाचवावे कसे, हे आदिपर्वातून शिकावे. द्रोणाचार्य गंगेत स्नानास उतरले असता ग्राहाने त्यांची पोटरी धरली. शिष्य गोंधळून उभे राहिले. अर्जुनाने पाच तीक्ष्ण बाणांनी पाण्यातील ग्राहाचा वध केला. तो स्वतः पाण्यात झेपावला नाही, ही गोष्ट कीर्तनातून सहसा निसटते. त्याने दुरूनच, आपल्या हाती होते त्या साधनाने गुरूला सोडविले.

बुडणारा माणूस हाक मारीत नाही. त्याचे तोंड पाण्याच्या पातळीशी असते, श्वासच पुरत नाही तर शब्द कोठून येणार? तो खेळत आहे असे वाटते आणि क्षणात दिसेनासा होतो. त्याला पाहून ज्याला बुडणाऱ्यास ओढून आणण्याची कला अवगत नाही असा भाऊ, बाप वा मित्र उडी घेतो. बुडणारा त्याला मिठी मारतो आणि एका घरातून दोन तिरड्या निघतात. काठावर आडवे पडून बांबू पुढे करावा. बांबू नसेल तर धोतर, लुगडे, दोर फेकावा. झाकण घट्ट लावलेला रिकामा डबा दोराला बांधून टाकावा. हेच आपले पाच बाण.

बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगणे, घागरीवर पालथे घालणे, पोट दाबणे, हे सारे चुकीचे आहे. त्यात अमोल वेळ जातो. श्वास चालत नसेल तर त्याला उताणे निजवावे, मान किंचित मागे करून नाक मिटावे आणि तोंडाने तोंडात श्वास भरावा. मग छातीच्या मध्यभागी तळहातांनी सुमारे दोन इंच खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस या गतीने दाब द्यावा. तीस दाब, दोन श्वास, असे चालू ठेवावे. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्धीवर आला तरी रुग्णालयात न्यावेच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ सालच्या अहवालानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे तीन लाख माणसे बुडून मरण पावली आणि त्यांतील जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालील बालकांचा होता. त्रिपुरी पौर्णिमेला द्रोणातील दिवा पाण्यात सोडण्यासाठी वाकणारे मूल त्याच वयाचे असते. दिवा सोडताना त्याचा हात मोठ्या माणसाच्या हातात असावा. आवळीभोजनाला तलावाकाठी गेल्यावर, जेवणानंतर मुले पाण्याकडे धावतात. तेव्हा त्यांच्यावर नजर ठेवण्याचे काम एकाच जाणत्या माणसावर नावानिशी सोपवावे. सर्वांचे लक्ष आहे म्हणजे कोणाचेच नाही.

ढिवराचे निरूपण

त्या मुलाला ज्या वृद्ध ढिवराने वर काढले, त्याच्याकडे आम्ही पुढच्या कार्तिकात मुद्दाम गेलो. तलाव कसा ओळखावा, असे विचारले. तो हसला. म्हणाला, "महाराज जी, पाण्याची ओळख काठीनं करावी, मग पायानं. अन् काठीलाही नाही समजलं, तं आमाले विचारावं." अविज्ञात जलाशयाविषयीच्या नियमावर इतके सोपे भाष्य आम्ही कोणत्याही पाठशाळेत ऐकले नव्हते.

त्या गावाने त्याच वर्षी एक रीत पाडली. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी ढिवर बांधव डोंग्यातून तळ तपासतात. घाटासमोर नाभीइतक्या पाण्याच्या कडेला बांबू रोवून त्यांवर भगव्या पताका बांधतात. त्यांच्या अलीकडेच स्नान. नाभीपर्यंतच्या पाण्यात उभे राहून सूर्याला अर्घ्य देण्याची आपली परिपाटी असल्यामुळे पताकांपलीकडे जाण्याचे कारणच उरत नाही. घाटावरच्या पिंपळाला एक लांब दोर आणि रिकामा डबा कायमचा टांगलेला असतो, आणि पहाटेच्या वेळी पोहणारा एक माणूस पाळीने बसतो. सप्ताहाच्या पहिल्या दिवशी नारळ प्रथम त्या ढिवराच्या हाती दिला जाई. तो गेल्यावर आता त्याच्या मुलाच्या हाती दिला जातो. त्यानंतर आजवर त्या तलावाने कोणाचे लेकरू नेलेले नाही.

आम्हीही एक रीत पाडली. कार्तिकात गजेंद्रमोक्षाचे आख्यान लावले की आरतीपूर्वी पेटी-तबला थांबवून आम्ही श्रोत्यांना तीन गोष्टी विचारतो: तलावाचा खोल भाग कोठे आहे? यंदा माती कोठून काढली? दोर कोठे टांगला आहे? सभेतून तिन्ही उत्तरे आली तरच आरती होते. एखादे उत्तर आले नाही, तर आम्ही सांगतो की उद्याचे स्नान आपापल्या घरी. कोणी रागावते, कोणी हसते. आम्हांला मात्र त्या वेळी टाळकऱ्यांच्या ओळीत एक मोकळी जागा दिसत असते.

श्रद्धावंत वाचकहो, गजेंद्राला सोडविण्यासाठी भगवंत धावून आला हे सत्य आहे. परंतु प्रत्येक पहाटे त्याला धावावयास लावणे, ही काही भक्ती नव्हे. पाणी ओळखून उतरावे, लेकराचा हात धरून उतरावे, उजाडल्यावर उतरावे. भगवान दामोदर आपणां सर्वांचा नेम सिद्धीस नेवो आणि स्नानास गेलेले प्रत्येक पाऊल ओल्या वस्त्रांनिशी सुखरूप आपल्या उंबरठ्यावर परत आणो.